सरकारी कार्यालय चपळ कशाने होतं? नस्ती, टेबलं आणि अधिकार

कार्यासन_बारा

सरकारी कार्यालयांच्या कामगिरीची चर्चा निघाली की ती दोनच गोष्टींवर येऊन थांबते: कर्मचारी काम करत नाहीत, किंवा सगळं ऑनलाइन करा. या धाग्यावर जरा खोलात जाऊया.

भराभर सह्या होणं म्हणजे चपळाई असं मी धरत नाही. नियम बदलला, नवी योजना आली, पूर आला, न्यायालयाचा निकाल आला. त्यानंतर किती दिवसांत त्या कार्यालयाचं रोजचं काम खरोखर बदलतं? आणि बदललेलं काम अपिलात, लेखापरीक्षणात टिकतं का? मला हे दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. पहिल्याचं उत्तर चांगलं आणि दुसऱ्याचं वाईट असेल तर नुसती घाई झाली.

महाराष्ट्रात यासाठी कायदाच आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम. लोकांना त्यातला बदल्यांचा भाग माहीत असतो, कलम १० फारसं कुणी वाचत नाही. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती (फाइल) साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. 'तात्काळ' असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, 'तातडीची' असेल तर चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर एकूण ४५ दिवसांत निर्णय, जायची गरज असेल तर तीन महिन्यांत.

आता हिशोब करा. मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव, सह सचिव, सचिव आणि मंत्री अशी सात टेबलं धरली आणि प्रत्येकाने कायदा तंतोतंत पाळला, तरी ४९ कामाचे दिवस होतात. पाच दिवसांच्या आठवड्यात म्हणजे जवळजवळ दहा आठवडे. एकानेही नियम मोडलेला नाही आणि ४५ दिवसांची मुदत केव्हाच गेली. शिवाय नस्ती त्याच वाटेने खाली येते, ते दिवस मी धरलेच नाहीत. वित्त किंवा विधी व न्याय विभागाकडे अनौपचारिक संदर्भाने (मत घेण्यासाठी) गेली तर तिथली उतरंड वेगळी.

म्हणून माझं मत: टेबलं कमी करणं आणि निर्णयाचा अधिकार लेखी स्वरूपात खाली देणं हे आधी, बाकी सगळं नंतर. केंद्रातही २०२१ पासून नस्ती चारपेक्षा जास्त टप्प्यांतून जाऊ नये असं धोरण आहे. जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातलं सांगावं.

दप्तर_उघडा

हिशोब पटला, पण तो मंत्रालयाचा आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवर टेबलं तीन-चारच असतात, तिथे काम गठ्ठ्यांत अडतं.

अहमदनगरला १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जे केलं ते 'लखिना पॅटर्न' म्हणून आजही सांगितलं जातं. बहुतेकांना त्यातली एक खिडकी तेवढी आठवते. खिडकीमागची दप्तराची शिस्त जास्त मोलाची होती. आज कार्यालयांत जी सहा गठ्ठा पद्धत म्हणतात ती अशी: (१) स्वतः कार्यवाही करायची प्रकरणं, (२) प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्याकडून उत्तर यायचं आहे अशी, (३) नियतकालिकं, म्हणजे ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल, (४) स्थायी आदेश संचिका, (५) अभिलेख कक्षात पाठवायची अ, ब आणि क वर्गाची, (६) नष्ट करायची ड वर्गाची. जतनाच्या मुदती अ कायम, ब ३० वर्षं, क आणि क-१ पाच ते दहा वर्षं, ड एक वर्ष.

याचा चपळाईशी संबंध काय? संबंध चौथ्या गठ्ठ्यात आहे. स्थायी आदेश संचिकेत विषयवार सगळे शासन निर्णय आणि परिपत्रकं लावलेली असली, अधिक्रमित (नव्या निर्णयाने रद्द) झालेल्यावर तशी नोंद असली, की नवीन आलेला महसूल सहायक पहिल्या आठवड्यात टिपणी (नस्तीवरचं निर्णयासाठीचं टिपण) लिहू शकतो. ती नसेल तर तो मागच्या प्रकरणातली टिपणी उतरवून काढतो. मग रद्द झालेल्या परिपत्रकाचा आधार घेऊन आदेश निघतात आणि अपिलात पडतात. शासनाच्या संकेतस्थळावर निर्णय मिळतात हे खरं, पण 'हा लागू आहे की पुढच्याने रद्द केला' हे तिथे शोधून कळायला वेळ लागतो. ते काम एकदा करून ठेवायचं असतं.

बिघाड हमखास होतो तो दुसऱ्या गठ्ठ्यात. सातवा दिवस आला की एखादी किरकोळ माहिती मागवणारं पत्र काढायचं आणि नस्ती प्रतीक्षाधीनमध्ये टाकायची. आपल्या टेबलाची प्रलंबितता शून्य, प्रकरण जागच्या जागी. त्यावर उपाय तीन. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवायच्या, दुसरं त्रुटीपत्र काढायचं तर वरच्या अधिकाऱ्याची सही. प्रत्येक प्रतीक्षाधीन नस्तीवर पुढची तारीख, त्या दिवशी ती आपोआप पहिल्या गठ्ठ्यात परत. आणि साप्ताहिक गोषवाऱ्यात प्रतीक्षाधीनची वयवार संख्या वेगळी.

आकडेमोड

गोषवाऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे गोषवारा म्हणजे मागील शिल्लक, नवीन आवक, एकूण, निर्गती (निकाली काढलेली प्रकरणं), शिल्लक. या पाच आकड्यांतून नागरिकाला किती थांबावं लागतं ते दिसत नाही.

सोपा हिशोब असा: शिल्लक भागिले रोजची निर्गती म्हणजे आज आलेल्या अर्जाला साधारण लागणारे दिवस. शिल्लक ६०० आणि रोज २० निघत असतील तर ३० दिवस. विहित मुदत १५ दिवसांची असेल तर ते कार्यालय कितीही राबलं तरी मुदत पाळू शकत नाही.

झिरो पेंडन्सी, म्हणजे शिल्लक शून्यावर आणण्याच्या मोहिमांचं इथेच फसतं. सुट्टीच्या दिवशी बसून, शेजारच्या शाखेतली माणसं आणून ६०० ची शिल्लक शून्य करता येते. पण आवक रोज २५ आणि निर्गती २० असेल तर रोज पाच साठतात, महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ११०, सहा महिन्यांत पुन्हा ६६०. मोहिमेने साठा जातो, आवक आणि निर्गतीतली तफावत जात नाही. ती भरून काढायला एकतर प्रत्येक प्रकरणाला लागणारा वेळ कमी करावा लागतो (छापील टिपणी, तपासणी सूची, एक टेबल कमी) किंवा आवकच कमी करावी लागते. जे दाखले एका विभागाने दुसऱ्यासाठी मागवलेले असतात ते थेट प्रणालीतून घेतले की अर्जच येत नाही.

दुसरं, सरासरी बघू नका. शिल्लक वयानुसार मांडा: ० ते ७ दिवस, ८ ते ३०, ३१ ते ९०, ९० च्या वर. आणि सर्वांत जुन्या दहा प्रकरणांची यादी कारणासह. सरासरी सुधारायची सोपी युक्ती म्हणजे आजचे सोपे अर्ज आज काढायचे आणि जुनी अवघड प्रकरणं तळाशी ठेवायची. दहा जुन्यांची यादी समोर आली की ही युक्ती चालत नाही.

सायली_न

वाचते आहे, फार उपयुक्त. एक शंका. ई-ऑफिस (नस्त्या संगणकावर चालवणारी प्रणाली) आल्यावर यातलं बरंचसं आपोआप सुटत नाही का? नस्ती कुणाकडे किती दिवस आहे ते तिथे दिसतंच ना?

कार्यासन_बारा

@सायली_न, दिसतं, आणि ते मोठं काम आहे. एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) ई-ऑफिसमध्ये नस्तीची सगळी हालचाल तारखेनिशी राहते, 'नस्ती सापडत नाही' हे उत्तर संपतं, टिपणी मागाहून बदलता येत नाही, दौऱ्यावरचा अधिकारीही सही करू शकतो. पण सात टेबलांची वाट जशीच्या तशी संगणकात घातली तर सात टेबलंच राहतात.

प्रत्यक्षात अडचणी येतात त्या अशा. जुन्या नस्त्यांचं स्कॅनिंग करताना पृष्ठांकन न करता, सगळी पानं एकाच दस्तऐवजात टाकली जातात. वरचा अधिकारी २०० पानांत मूळ शासन निर्णय शोधत बसतो आणि शेवटी 'कागदी नस्ती सादर करावी' असा शेरा मारतो. मग एकाच प्रकरणाच्या दोन नस्त्या, एक पडद्यावर, एक कपाटात, आणि कुठली अद्ययावत ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून चालू नस्त्या एका ठरावीक तारखेला पूर्णपणे वळवायच्या, त्यानंतर त्या विषयाची कागदी टिपणी स्वीकारायचीच नाही. बंद झालेल्या नस्त्या मागणी येईल तेव्हाच. सगळंच दप्तर आधी स्कॅन करू म्हटलं की वर्ष जातं आणि चालू काम तसंच राहतं.

टेबलं कमी करायची तर ती अंदाजाने करू नयेत. मागच्या तीन महिन्यांच्या आवक नोंदवहीतून सर्वाधिक येणारे दहा विषय काढा. प्रत्येक विषयाच्या निकाली निघालेल्या तीस नस्त्या घ्या. प्रत्येक टेबलाने नेमकी काय भर घातली ते बघा: मुद्दा बदलला, चूक पकडली, की नुसतं 'सादर' लिहून सही केली? तीसपैकी अठ्ठावीस वेळा नुसती सही असेल तर त्या विषयापुरतं ते टेबल वगळायचं. विषयाचं नाव, आर्थिक मर्यादा, अपवाद आणि अंतिम निर्णय घेणारं पद असा कार्यालयीन आदेश विभागप्रमुखाच्या सहीने काढायचा, तीन महिन्यांनी फेरआढावा. अधिकार प्रदानाची यादी करून ती प्रसिद्ध करणं त्याच अधिनियमाच्या कलम ९ ने बंधनकारक आहे, त्यामुळे वेगळी परवानगी मागत बसायला नको.

गावनमुना_सहा

थोडा विरोध नोंदवतो. सगळाच विलंब हा दोष नसतो, हे चर्चेत मागे पडतंय.

जमीन खरेदीच्या फेरफाराचं, म्हणजे हक्कनोंदीत नाव बदलण्याचं उदाहरण घ्या. दस्त नोंदला की दुय्यम निबंधकाकडून माहिती ई-फेरफार प्रणालीत येते. तलाठी (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना ६ (फेरफार नोंदवही) मध्ये नोंद घेतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस बजावतो, हरकतीसाठी १५ दिवस थांबावं लागतं, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आली तर नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, आणि सुनावणी. यातले १५ दिवस जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मधले आहेत. एखाद्या बहिणीला वाटणीतून डावललं जात असेल तर तिला आवाज उठवायची ती पहिली संधी असते. ते दिवस 'कापणं' ही चपळाई नव्हे.

कापण्यासारखं काय आहे? नोंद घेण्याआधीचा वेळ, नोटीस बजावून तिची पोच प्रणालीत भरण्याचा वेळ, आणि सोळाव्या दिवसापासून प्रमाणित होईपर्यंतचा वेळ. या तीन जागा वेगळ्या मोजा. बहुतेक ठिकाणी एकूण दिवस मोजतात, म्हणून कायद्याची प्रतीक्षा आणि टेबलाची प्रतीक्षा एकमेकांत मिसळते. अर्जांच्या क्रमानेच नोंदी निकाली काढण्याची अट प्रणालीत आली तेव्हा ओळखीच्या माणसाची नोंद आधी काढण्याला आळा बसला. ही खरी सुधारणा, आणि तिने वेग वाढला नसता तरी ती मोलाचीच होती.

संख्येचा दबाव फार वाढला की दुसरं होतं: किरकोळ कारणावरून नोंद रद्द करायची. 'नाव दस्ताशी जुळत नाही', रद्द, निकाली. कार्यालयाच्या लेखी ती निर्गती. नागरिकाला मात्र पुन्हा अर्ज, नाहीतर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, त्याची मुदत ६० दिवसांची. म्हणून मंजूर, नामंजूर आणि त्रुटीत परत अशी निर्गती तीन रकान्यांत दाखवल्याशिवाय कुठल्याही तालुक्याला पहिला क्रमांक देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

आकडेमोड

+१. आणि चौथा रकाना: अपिलात फिरवलेले. कामगिरी पहिल्या तीन रकान्यांत दिसते, उत्कृष्टता चौथ्यात.

वॉर्ड_कचेरी

चपळाईचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण हवं असेल तर २०२० च्या कोविड साथीतली मुंबई महापालिका. सुरुवातीला खाटांसाठी सगळा भार १९१६ या मध्यवर्ती क्रमांकावर होता. एका कक्षाला एवढ्या मोठ्या शहराचे फोन पेलणं शक्यच नव्हतं. मग २४ प्रभागांत वॉर्ड वॉर रूम झाल्या. चाचण्यांचे अहवाल प्रयोगशाळांकडून पालिकेकडे, तिथून प्रभागवार यादी, प्रभागाच्या कक्षातून रुग्णाला फोन, लक्षणं विचारून डॉक्टर ठरवणार की घरी विलगीकरण, केंद्र की रुग्णालय, आणि त्यानुसार खाट. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राणवायूच्या व्यवस्थापनात मुंबईकडून शिकावं असं सुचवलं होतं.

हे आठवड्यांत उभं राहू शकलं याचं कारण वॉर रूम नव्हे. २४ प्रभाग, प्रत्येकाला सहायक आयुक्त, प्रभागाचा स्वतःचा आरोग्य अधिकारी, अभियंते, वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य सेविका हा सांगाडा कितीतरी आधीपासून होता. १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांनी अधिकार दिले. म्हणजे माहिती, माणसं आणि निर्णयाचा अधिकार एकाच पातळीवर आले. धारावीत जी-उत्तर विभागाने (धारावी ज्यात येते तो प्रभाग) रुग्ण येण्याची वाट न बघता वस्तीत जाऊन शोध घेतला, तोही याच सांगाड्याच्या जोरावर.

म्हणून 'मुंबई मॉडेल' एखाद्या क वर्ग (छोट्या शहराच्या) नगरपरिषदेने उचलावं म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. तिथे मुख्याधिकाऱ्याकडेच दुसऱ्या शहराचा अतिरिक्त कार्यभार असतो, पूर्णवेळ आरोग्य अधिकारी नसतो. खाली देण्यासारखा अधिकार आहे, पण तो घ्यायला माणूस नाही. तिथे आधी रिक्त पदं.

लेखा_परिच्छेद

आतापर्यंत कुणी न मांडलेला मुद्दा: अधिकार लेखी दिलेले असतानाही अधिकारी ते वापरत नाहीत. स्वतःच्या मर्यादेतलं प्रकरणही 'मार्गदर्शन व्हावे' म्हणून वर पाठवतात. याला आळस म्हणणं चूक आहे. निर्णय न घेतल्याबद्दल कुणाच्या विभागीय चौकशीचं प्रकरण क्वचितच उभं राहतं, घेतल्याबद्दल राहतं. लेखा परिच्छेद (लेखापरीक्षणातला आक्षेप) निघतो तेव्हा तो अधिकारी दोन बदल्या पुढे गेलेला असतो आणि त्या वेळची परिस्थिती समजावून सांगायला तिथे कुणीच नसतं.

यावर उपदेश उपयोगाचा नाही, कागद उपयोगाचा आहे. निर्णयाच्या टिपणीत पाच गोष्टी असाव्यात: अर्जातली मागणी, लागू नियमाचं कलम, उपलब्ध पर्याय, निवडलेल्या पर्यायाचं कारण, आणि निर्णय लांबला असता तर होणारं नुकसान. पाचवी गोष्ट जवळपास कुणीच लिहीत नाही, आणि लेखापरीक्षणात तीच कामाला येते. तातडीच्या खरेदीत तर तातडी नेमकी काय होती हे त्याच दिवशी लिहिलेलं असलं पाहिजे. आपत्तीच्या काळातल्या खरेद्यांवर पुढे आक्षेप येतात ते बहुधा किमतीपेक्षा या कोऱ्या जागेमुळे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला आलेलं कलम १७-अ, म्हणजे अधिकारपदावर घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीपूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता, हे संरक्षण कागदावर आहे, पण टिपणीच मोघम असेल तर त्याने धीर येत नाही.

दप्तर_उघडा

@लेखा_परिच्छेद, अगदी बरोबर. याला जोडून कार्यभार हस्तांतरण. पदावधी साधारण तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मे मध्ये, आणि त्याच सुमारास पाणीटंचाई, पेरणीपूर्व कामं, मान्सूनपूर्व तयारी. चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या आणि जडवस्तूंची यादी दिली जाते. द्यायला हवी ती पाच पानी टीप: ९० दिवसांवरची प्रकरणं कारणासह, न्यायालयीन प्रकरणं पुढच्या तारखेसह, अनुत्तरित लेखा परिच्छेद, विधिमंडळाची प्रलंबित आश्वासनं, आणि येत्या ६० दिवसांत मुदत संपणाऱ्या बाबी. ही टीप नसेल तर नव्या अधिकाऱ्याचे पहिले दोन-तीन महिने 'चर्चा करावी' या शेऱ्यात जातात.

रजेवरच्या अधिकाऱ्याच्या जागी पर्यायी अधिकारी नावानिशी ठरलेला असावा, तोंडी नको. लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांत तर पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) रजेवर म्हणून मुदतीचं घड्याळ थांबत नाही.

सायली_न

त्या कायद्याबद्दल नागरिकाच्या बाजूने सांगाल का कुणी? चपळाई बाहेरून घडवून आणता येते का?

गावनमुना_सहा

@सायली_न, येते, अर्धीमुर्धी. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवेसाठी मुदत, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम आणि द्वितीय अपील प्राधिकारी ठरलेले असतात, तिसरं अपील लोकसेवा हक्क आयोगाकडे. मुदत टळली किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. चुकणाऱ्या अधिकाऱ्याला शास्ती (दंड) ५०० ते ५,००० रुपये.

दोन गोष्टी सांभाळा. अर्ज दिला की विशिष्ट क्रमांकाची पोच घ्या. ती नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही. आणि सेवा अधिसूचित आहे का ते आधी 'आपले सरकार' संकेतस्थळावर बघा, नसेल तर हा कायदा लागत नाही. लोक अपील करत नाहीत, पुन्हा नव्याने अर्ज करतात. त्यामुळे जुन्या अर्जातला विलंब आकडेवारीतून पुसला जातो आणि कार्यालयाला आपली अडचण नेमकी कुठे आहे ते कळत नाही. अपील म्हणजे भांडण असं मानू नका, त्यातूनच वरच्याला खालचं दिसतं.

वॉर्ड_कचेरी

राज्य सरकारच्या २०२५ च्या शंभर दिवसांच्या कार्यालय सुधारणा कार्यक्रमाबद्दल एक निरीक्षण. सात मुद्दे होते: संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणूक प्रसार, क्षेत्रीय भेटी, आणि मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून. बाहेरून मूल्यमापन ही चांगलीच गोष्ट. जुनी वाहनं, मोडकं फर्निचर आणि ड वर्गाचे गठ्ठे निघाले की काम करणाऱ्यालाही बरं वाटतं, हे कमी लेखू नये. पण पुढच्या वेळी गुण ठेवावेत ते प्रत्येक विषयामागे किती टेबलं कमी केली आणि जुन्या दहा प्रकरणांचं काय झालं यावर.

कार्यासन_बारा

सहमत. 'गावनमुना_सहा' यांच्या तीन जागा वेगळ्या मोजण्याच्या सूचनेमुळे माझा सुरुवातीचा हिशोब सुधारतो: टेबलं मोजण्याआधी कायद्याने ठरवलेली प्रतीक्षा बाजूला काढायला हवी.

तीस नस्त्यांच्या तपासणीचा तक्ता कुणाला वापरायचा असेल तर रकाने असे: नस्ती क्रमांक, विषय, टेबल, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, टिपणीत भर (मुद्दा / चूक / फक्त सही), त्रुटीपत्रांची संख्या, कायदेशीर प्रतीक्षेचे दिवस, अंतिम निर्णय, अपील झालं का. एका शाखेचे दहा विषय दोन माणसांत साधारण आठवड्याभरात होतात. आवक नोंदवहीत विषय मोघम लिहिलेले असतील ('अर्ज', 'विनंती') तर आधी ते नीट करून घ्या, नाहीतर दहा विषय निवडताच येणार नाहीत.